मृदंगातले हेल्महोल्ट्झ

मानसशास्त्राचा जनक कोण, हा प्रश्न विद्यार्थी वारंवार विचारतात. पाठ्यपुस्तकातले उत्तर ठरलेले: विल्हेल्म वुंट, लाइपझिगची प्रयोगशाळा, 1879. माझे मत मात्र हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांना. वुंट 1858 मध्ये हायडेलबर्गला त्यांचेच सहायक होते. त्याआधीच, 1850 च्या सुमारास, हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले होते: सेकंदाला सुमारे 27 मीटर. संवेदनेलाही वेळ लागतो!

संवेदनेचा हा शोध त्यांनी पुढे संगीतातही नेला. दोन स्वर एकत्र वाजले की कधी जुळतात, कधी खटकतात. असे का? 1863 च्या स्वरसंवेदनांवरील ग्रंथात त्यांनी उत्तर दिले: उपस्वर फार जवळजवळ आले की आवाजात थरथर उठते आणि ती कानाला खरखरीत लागते.

भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन 1903 मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले, तेव्हा त्यांना पंधरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कॉलेजच्या दिवसांतच या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर त्यांना मिळाले, आणि आपल्यावर प्रभाव टाकणाऱ्या पुस्तकांत त्यांनी पुढे युक्लिडबरोबर त्याचे नाव घेतले.

पुढे रामन यांनी उपस्वरांचा हा विचार भारतीय वाद्यांना लावला. साध्या ढोलाच्या कातड्याचे उपस्वर बेशिस्त असतात: मूळ स्वराच्या 1, 1.59, 2.14 पट. मृदंगाच्या कातड्यावरच्या काळ्या लेपामुळे, म्हणजे शाईमुळे, ते 1, 2, 3, 4, 5 अशा ओळीत येतात, हे रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. म्हणून तर मार्गळी या तमिळ महिन्यातल्या मैफलींत चेन्नईचे वादक मृदंग गायकाच्या षड्जात मिळवून घेऊ शकतात. केवढी ही कारागिरी! समीकरण न मांडता, निव्वळ कान लावून कुणीतरी ती साधली.

तंबोऱ्याने तर गुरूच्या, म्हणजे हेल्महोल्ट्झ यांच्या, नियमालाच धक्का दिला. तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो ते उमटू नयेत, असा यंग-हेल्महोल्ट्झ नियम. तंबोऱ्यात तेही ठणठणीत वाजतात, असे रामन यांना आढळले. किमया जवारीची: रुंद, किंचित उतरत्या घोडीला तार घासते आणि तारेखालच्या सुताने ती नेमक्या जागी बसते. मिरजेतले कारागीर जवारी काढताना हेच साधत असतात.

उतारवयात रामन रंगदृष्टीकडे वळले आणि 1968 च्या पुस्तकात त्यांनी यंग-हेल्महोल्ट्झ यांची तीन रंगग्राहकांची उपपत्तीही नाकारली. इथे मात्र त्यांची बाजू लंगडी होती. डोळ्यातल्या एकेका शंकुपेशीतली रंगद्रव्ये 1964 मध्येच मोजली गेली होती, आणि ती तीनच प्रकारची निघाली.