मैदानाएवढं गाणं

बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर कोण कोण वाजवून गेलं याची नुसती यादी वाचली तरी रॉकच्या चाहत्याला भरून येतं. २००१ मध्ये डीप पर्पल, २००२ मध्ये रॉजर वॉटर्स, ४ एप्रिल २००३ला भर पावसात रोलिंग स्टोन्स, २००५ मध्ये मार्क नॉफ्लर, १७ मार्च २००७ला आयर्न मेडन, त्याच वर्षी जूनमध्ये एरोस्मिथ आणि ३० ऑक्टोबर २०११ला मेटालिका. यांचं संगीत एकमेकांसारखं नाही. पण मंचावर उभं राहिल्यावर प्रत्येकासमोर प्रश्न एकच होता. समोर हजारो माणसं आहेत, शेवटचा श्रोता शंभर-दीडशे मीटर लांब आहे आणि गाणं त्याच्यापर्यंतही पोचायला हवं. या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जी शैली घडली, तिला अरीना रॉक म्हणतात. पुष्कळांना ती म्हणजे निव्वळ दणदणाट वाटते. मला ती रचनेची गोष्ट वाटते. आवाज मोठा करणं हा तिचा सगळ्यात सोपा भाग आहे.

तोही भाग सुरुवातीला कुणाला जमत नव्हता. १५ ऑगस्ट १९६५ला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर लोकांसमोर वाजले, तेव्हा आपलंच गाणं त्यांना धड ऐकू येत नव्हतं. गाणी छोट्या क्लबांच्या मापाची होती, जागा बेसबॉलची होती आणि किंकाळ्यांनी बाकी सगळं बुडवलं. पुढच्या दहा वर्षांत ध्वनियंत्रणा सुधारली. अमेरिकेतल्या शहराशहरांत बास्केटबॉल आणि आइस हॉकीसाठी बांधलेली पंधरा-वीस हजार आसनांची बंदिस्त प्रेक्षागृहं रॉक बँडना मिळू लागली. तिथेच बॉस्टन, जर्नी, फॉरिनर, स्टिक्स, क्वीन असे बँड त्या जागेच्या मापाची गाणी करायला शिकले.

हे माप समजून घ्यायचं तर आधी ध्वनीचा वेग पाहू. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे शंभर मीटरवरच्या माणसाला ढोलाचा ठोका जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. त्याने टाळी दिली तर ती मंचापर्यंत यायला आणखी तेवढाच वेळ. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतरच अर्ध्या सेकंदाचं असतं. म्हणजे मागच्यांची टाळी वादकाला एका मात्रेहूनही जास्त उशिरा मिळते. त्यात एकाच स्वराचे अनेक आवाज कानावर येतात: मुख्य स्पीकरचा, मध्ये उभारलेल्या मनोऱ्यांवरच्या स्पीकरचा, भिंतीवरून परतलेला, शेजाऱ्याच्या गळ्यातला. सुरांची जलद बरसात केली तर हे सगळं एकमेकांत मिसळून नुसता गलबला होतो. म्हणून लय मध्यम, ढोलाचे ठोके मोजके आणि दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा. वेगासाठी गाजलेल्या मेटालिकाने १९९१च्या अल्बममध्ये गाणी आखूड आणि संथ केली आणि त्यानंतर हा बँड जगभरच्या मैदानांचा झाला, हे मला फार बोलकं वाटतं.

मनोऱ्यांवरच्या स्पीकरना आवाज मुद्दाम उशिरा पाठवतात. मंचापासून साठ मीटरवरच्या मनोऱ्याला सुमारे ०.१७ सेकंदांची आणि वर किंचित आणखी ढील दिली की मंचावरून निघालेला आवाज आधी पोचतो आणि कान त्यालाच उगम मानतो. पडद्यावरचं चित्र मात्र थांबत नाही. त्यामुळे मागे उभं राहिलं की ढोलावर काठी आधी पडताना दिसते आणि आवाज नंतर येतो.

आता गिटार. या शैलीचा कणा म्हणजे पॉवर कॉर्ड. त्यात दोनच स्वर असतात, षड्ज आणि पंचम. आपल्या तंबोऱ्याची हीच जोडी. त्यांच्या कंपनसंख्यांचं गुणोत्तर २:३. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवणाऱ्या यंत्रणेतून, हे दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या फरकाचा, म्हणजे १ या प्रमाणातला, तिसरा स्वर तयार होतो आणि तो असतो एक सप्तक खालचा षड्ज. कुणी न वाजवताही खर्ज मिळतो. त्यात गांधार मिसळला तर नको ते उपस्वर उठून आवाज गढूळ होतो. म्हणून गांधार गायकाच्या गळ्यावर सोडायचा आणि गिटारने नुसती भक्कम जमीन द्यायची. मैदानभर छातीत जाणवतो तो भरणा बराचसा इथून येतो.

गळ्याचंही शास्त्र आहे. स, श, त यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या कंपनसंख्यांवर असते आणि अंतर वाढेल तशी हवा नेमक्या त्याच शोषून घेते. आ आणि ओ मात्र लांबवर टिकतात. म्हणून ध्रुवपद थोड्या शब्दांचं आणि लांबलेल्या स्वरांचं असतं, कधी तर शब्दांवाचूनच. कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळी, मराठी अशा घरांतून आलेल्या बंगळुरूच्या गर्दीला इंग्रजीची एक ओळ आली नाही तरी ओ-ओ येतं. आयर्न मेडनच्या ‘फिअर ऑफ द डार्क’मध्ये तर श्रोते गिटारची धूनच गातात. शाहिरामागचे झीलकरी जसे पोवाडा उचलून धरतात, तसं हे हजारो गळे गाणं पेलतात.

हे पुरतं ओळखलं क्वीनने. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला, तिथल्याच शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवलेला. मे १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या बिंग्ली हॉलमध्ये कार्यक्रम संपला तरी लोक स्वतःहून गात राहिले. गिटारवादक ब्रायन मेने त्यातून ‘वी विल रॉक यू’ रचलं. पायाचे दोन ठोके, एक टाळी आणि चौथी मात्रा रिकामी. शेवटची गिटार येईपर्यंत वाद्यच नाही. लय मिनिटाला ऐंशीच्या आसपास, म्हणजे पायाच्या दोन ठोक्यांना मिळून पाऊण सेकंद. मला त्या रिकाम्या मात्रेचं मोल सर्वांत जास्त वाटतं. शंभर मीटर मागून उशिरा आलेली टाळी तिच्यात सामावते आणि लय मोडत नाही. मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. ध्वनिमुद्रणात त्याने त्याच ठोक्यांच्या वेगवेगळ्या अंतराने उशिरा येणाऱ्या प्रती मिसळल्या, म्हणजे मोजकी माणसं जमावासारखी ऐकू यावीत.

गाणं चढवत नेण्याच्याही युक्त्या आहेत. जर्नीच्या १९८१च्या ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’मध्ये शीर्षकाची ओळ सव्वातीन मिनिटं उलटल्यावर येते, तोवर नुसती आस लावून ठेवलेली असते. बॉन जोव्हीच्या १९८६च्या ‘लिव्हिन ऑन अ प्रेअर’मध्ये शेवटच्या ध्रुवपदाला अख्खा षड्जच उचलून कोमल गांधारावर नेला आहे. आपल्या बैठकीत षड्ज हलत नाही, त्यामुळे हा धक्का आपल्या कानाला जास्तच जाणवतो. गळा पोचत नसला तरी माणूस ओरडून गातो आणि शेजारीही ओरडत असल्याने लाज वाटत नाही.

समीक्षकांनी या गाण्यांना कंपनीचा माल म्हणून हिणवलं. ते मला पटत नाही. सोपं दिसणारं गाणं वीस हजार अनोळखी माणसांकडून एका लयीत गाऊन घेणं ही मोठी कारागिरी आहे.

पॅलेस ग्राउंड्सवर छप्पर नाही, त्यामुळे बंदिस्त प्रेक्षागृहासारखी गुंजही नाही. उघड्यावर ढोल कोरडा पडतो. म्हणून ती गुंज यंत्राने घालतात. मुद्रणातही तिचा पाठलाग जुना आहे: लेड झेपेलिनने १९७१च्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चा ढोल हेडली ग्रेंज या घराच्या उंच जिन्याखाली वाजवून घेतला होता. उघड्या मैदानाचं हवामानही आवाज वळवतं. सूर्य मावळून जमीन निवू लागली की खालची हवा थंड, वरची उबदार असा थर बनतो, आवाज खाली वाकतो आणि लांब पोचतो. लांबच्या वस्तीतही. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे बंगळुरूत मुख्य बँडला संध्याकाळीच मंचावर यावं लागतं.

अशा कार्यक्रमाला जाणार असाल तर मंचाच्या कठड्याला चिकटू नका. तिथे एका बाजूचा स्पीकर आणि ढोलच ऐकू येतो. मैदानाच्या मधोमध एका मांडवात ध्वनिसंयोजक बसलेला असतो. त्याचं सगळं मिश्रण त्याच्या कानाला जे पटतं त्यावर ठरतं. त्याच्या थोडं मागे, मंचाच्या मध्यरेषेवर उभे राहा. तिथे गाणंही नीट ऐकू येतं आणि चारी बाजूंनी गाणारे लोकही.