जव्हारचा राजवाडा आणि आमचा वाडा



आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं आज बोईसरला, तारापूरच्या एम.आय.डी.सी.त नोकरीला आहेत. आमचा धाकटाही तिथंच. गळीत हंगाम सुरू होण्याआधी चार दिवस त्याच्याकडे जाऊन आलो. तो पाळीवर गेला की दिवसभर दोन खोल्यांत बसून करायचं काय? सूनबाई म्हणाली, "आबा, जव्हारचा राजवाडा बघून या, पालघरहून एस.टी. जाते." तेवढ्या निमित्तानं गेलो, आणि जे पाहिलं ते आपल्या अंकात लिहावं असं वाटलं.

मनोर, विक्रमगड मागे टाकून गाडी चढाला लागते. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ पासून वेगळा जिल्हा झाला, पण आपल्या मनात पालघर म्हणजे समुद्र, मासळी आणि आता कारखाने. जव्हार मात्र पार डोंगरात, दीड हजार फुटांच्या आसपास.

राजवाडा म्हटल्यावर मी मनात आपला चौसोपी वाडा धरून गेलो होतो. दिंडी दरवाजा, आत चौक, बाजूला पागा. इथं तसलं काहीच नाही. गावाबाहेर टेकडीवर, काजूच्या झाडांत हा 'जयविलास' उभा आहे. लोक त्याला राजबारीही म्हणतात. दगड आपल्याकडच्या काळ्या फत्तरासारखा नाही; त्याला गुलाबी झाक आहे, आणि उन्हं कलली की ती जास्त दिसते. घाट विलायती, खांब आणि कमानी साहेबी पद्धतीच्या, वर घुमट मात्र आपल्या देशी वळणाचे. मला सर्वांत नवल वाटलं ते खिडक्यांचं. आपला जुना वाडा बाहेरून आंधळा असतो. भिंत जाड, उजेड काय तो चौकातून. चोराची, स्वारीची धास्ती होती म्हणून तसं बांधत. या घराचं तोंड चहूबाजूंनी बाहेर आहे. बांधणाऱ्याला दरी बघायची होती, आणि स्वारी करून येणारं तोवर कोणी उरलं नव्हतं.

बांधणारे होते राजे यशवंतराव मुकणे. महादेव कोळी समाजाचं हे राजघराणं. वडील १९२७ साली गेले तेव्हा यशवंतरावांचं वय अवघं दहा. संस्थान ३१० चौरस मैलांचं, मान नऊ तोफांच्या सलामीचा. दुसऱ्या महायुद्धात हे राजे हवाई दलात होते. त्यांच्याच कारकिर्दीत, म्हणजे संस्थानाच्या शेवटच्या वीस वर्षांत, हा वाडा उठला. दगड कोणी फोडला, टेकडीवर कोणी वाहिला, त्यांची नावं आपल्याकडच्या कुठल्याच वाड्यावर कोरलेली नसतात.

आता मालकीची गोष्ट ऐका, ती दगडाहून जुनी आहे. घराण्याचा मूळ पुरुष जायबा मुकणे. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याची आख्यायिका दिली आहे. जव्हारचा मुलूख तेव्हा एका वारली प्रमुखाकडे होता. जायबानं त्याच्याकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. वारली हो म्हणाला. मग जायबानं कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या दोरीनं सगळं जव्हार वेढून घेतलं! वारल्याला बदल्यात गंभीरगडाकडचा भाग दिला म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण मोजणीत हात मारायची विद्या किती जुनी आहे बघा. पुढे जायबाचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानानं मान्यता दिली. ती तारीख ५ जून १३४३. जव्हार दरबारच्या हिशेबात पुढे कित्येक शतकं साल मोजायचे ते त्या दिवसापासून. शिवाजी महाराज १६६४ च्या सुरत स्वारीला निघाले तेव्हा याच घराण्यातले विक्रमशहा त्यांना शिरपामाळावर भेटले.

कातड्यानं घेतलेला मुलूख कागदानं गेला. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. विलीनीकरणाच्या करारात एक कलम असे: सत्ता, वसूल, जंगल सरकारचं, राजाची खासगी मालमत्ता तेवढी राजाची. त्यासाठी राजानं आपल्या स्थावराची यादी सरकारला द्यायची. संस्थानचं काय आणि खासगी काय, ही रेघ त्या वेळी देशभर ओढली गेली. तनखाही ठरला होता, तो १९७१ च्या घटनादुरुस्तीनं बंद झाला. मधल्या काळात १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन येऊन गेला, १९६१ चा कमाल धारणेचा कायदा आला. त्या कायद्यानंतरच साखर कंपन्यांच्या जमिनी १९६३ साली शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकऱ्यांनी वाट किती वर्षं पाहिली ते मी तुम्हांला सांगायला नको.

यशवंतराव काँग्रेसकडून लोकसभेवर निवडून गेले आणि १९७८ साली वारले. मुलूख गेला, तनखा गेला, घर मात्र मुकणे घराण्याकडेच राहिलं. चित्रपटवाले तिथं चित्रीकरणाला येतात.

कठड्याशी उभा होतो आणि मला आमचा वाडा आठवत होता. आजोबांनी गुळाच्या पैशातून बांधलेला, नऊ खणांचा. आज उताऱ्यावर अकरा नावं आहेत. दोन पावसाळ्यांपूर्वी उत्तरेची भिंत ढासळली, तेव्हा अकरा जणांत पत्र्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून आम्ही भाऊ-भाऊ बोलेनासे झालो. शेवटी सागाच्या तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला वजनावर दिल्या. त्यातली एक मीच उचलून गाडीत चढवली. राजाला यादी करायला सरकारनं लावलं. आम्हांला लावणारं कोणी नव्हतं, आणि वडील होते तोवर आम्ही त्यांच्याकडे विषयही काढला नाही. परतताना बोईसरच्या स्टेशनातून थोरल्याला फोन केला. त्यानं उचलला. वाड्याचं बोलणं झालं नाही, पावसाचं झालं.

ज्यांना जायचं असेल त्यांनी पावसाळा संपल्यावर लगेच जावं, डोंगर हिरवे असतात. पावसात घाटात धुकं फार. पालघरहून सकाळची गाडी धरली तर संध्याकाळी परत येता येतं. वाडा खासगी आहे, तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरू नये. भाकरी बरोबर घ्यावी.