रेचकांचा दुरुपयोग

मलोत्सर्जन सुलभ करणाऱ्या औषधांना रेचके म्हणतात. वैद्यकीय कारण नसताना, केवळ वजन घटविण्याच्या हेतूने ती वारंवार घेणे हा त्यांचा दुरुपयोग होय. आयुर्वेदातील विरेचन ही पंचकर्मांपैकी एक क्रिया असून ती वैद्याच्या देखरेखीखाली ठराविक काळापुरती करावयाची असते; तिचा या सवयीशी संबंध नाही. हा दुरुपयोग मुख्यत्वे आहारविषयक मानसिक विकारांत आढळतो. १९७९ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’ या विकाराचे वर्णन केले. भरमसाट खाऊन मग मुद्दाम ओकारी काढणे किंवा रेचके घेणे हे त्याचे प्रमुख लक्षण होय.

मूळ गैरसमज : अन्नघटकांचे अभिशोषण बहुतांशी लहान आतड्यात होते. सोनामुखी, बिसाकोडिल इ. उत्तेजक रेचके मात्र प्रामुख्याने त्यापुढील मोठ्या आतड्यावर कार्य करतात. त्यामुळे अन्नातील बहुतेक ऊर्जा त्यापूर्वीच शरीरात गेलेली असते. १९८३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रेचकांमुळे ४ ते ६ लिटर जुलाब होऊनही ऊर्जेचे अभिशोषण सुमारे १२ टक्क्यांनीच घटल्याचे आढळले. वजनात दिसणारी घट ही पाण्याची असते, चरबीची नव्हे. पाणी पिताच ती भरून निघते.

दुष्परिणाम : पाण्याबरोबर सोडियम व पोटॅशियम ही लवणद्रव्ये शरीराबाहेर जातात. रक्तातील पोटॅशियम घटल्यास स्नायू दुर्बल होतात, हृदयाचे ठोके अनियमित पडतात व प्रसंगी मृत्यूही ओढवतो. दीर्घकाळच्या वापराने मूत्रपिंडांस इजा पोहोचू शकते. सोनामुखी वनस्पतिजन्य आहे म्हणून निर्धोक मानणे चुकीचे आहे. वजन घटविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही चहांतही ती असते.

पाणी वारंवार कमी झाल्याने अल्डोस्टेरोन या हॉर्मोनाचे प्रमाण वाढते व शरीर लवण आणि पाणी धरून ठेवू लागते. त्यामुळे रेचके थांबविताच अंगावर सूज येते व वजन वाढते. ही वाढ तात्पुरती असते. परंतु रुग्ण तिला चरबी समजून पुन्हा रेचकांकडे वळतो. सवय न सुटण्याचे हे एक मोठे कारण आहे.

उपचार व प्रतिबंध : रुग्ण ही सवय बहुधा लपवितो. म्हणून अकारण जुलाब, थकवा व पोटॅशियमची न्यूनता एकत्र आढळल्यास तिची शंका घ्यावी लागते. रेचके वैद्यकीय देखरेखीखाली बंद करून लवणद्रव्यांची न्यूनता भरून काढतात. तंतुयुक्त आहार व पुरेसे पाणी यांनी आतड्याची नैसर्गिक हालचाल हळूहळू पूर्ववत होऊ शकते. सूज येईल व ती ओसरेल, याची रुग्णाला आधीच कल्पना देणे अगत्याचे असते. मूळ विकारावर मानसोपचार आवश्यक असून कुटुंबियांनी दोष न देता साहाय्य करणे हितावह ठरते. ब्रिटनमध्ये २०२० साली औषधतज्ज्ञाविना होणाऱ्या उत्तेजक रेचकांच्या विक्रीवर पुड्याच्या आकाराची मर्यादा घालण्यात आली.