सूर्यास्ताचे गणित आणि हिवाळी परदेशवारी

सावली परिसरात मार्गशीर्ष-पौष हे धानाचे दिवस. बांध्यांतले पुंजणे मोडून मळणी होते, भारी धान बाजारात येते, मूल-सावलीकडच्या राईस मिलांना उसंत नसते. अशा ऐन हंगामात दुकानाचे शटर ओढून परदेशी जाण्याचा विचार व्यापारी घराच्या मनात पूर्वी आलाही नसता. आता मोठ्या भावंडांना नाताळची सुटी असते, नागपूरहून आखाताकडे विमान मिळते, आणि आजी-आजोबांपासून दोन वर्षांच्या नातवंडापर्यंत सारे कुटुंब आठ दिवसांसाठी निघते.

तिकिटाचे दर आणि हॉटेलची छायाचित्रे सगळेच पाहतात. ज्या घरात चौविहार पाळला जातो, त्या घराने त्याआधी तेथे सूर्य केव्हा मावळतो हे पाहणे आवश्यक आहे.

सावलीत डिसेंबरचा लहानात लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये २१ डिसेंबरला सूर्य सकाळी आठ वाजून चार मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आतच मावळतो. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली, तर आजींना अन्नपाण्यासाठी जेमतेम सात तास मिळतात. उरलेले सतरा तास निर्जल. घरी हा नियम पन्नास वर्षे सहज पाळलेल्या, पण आता मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीसाठी ही साधी गोष्ट नव्हे. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय असा बेत आखणे हे धाडसच म्हणावे लागेल.

बाळाचा प्रश्न याच्या अगदी उलट. भारतीय वेळ लंडनच्या हिवाळी वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. सावलीत सकाळी सातला उठणारे मूल तेथे पहिल्या रात्री दीड वाजताच टक्क जागे होते आणि खाऊ मागते. सूर्योदयाला तेव्हा साडेसहा तास अवकाश असतो. मोठ्यांचा नियम एवढ्याशा जिवाला लावावा असे कोणी म्हणत नाही. तरीही एकाच खोलीत आजी निर्जल पडलेल्या असताना मध्यरात्री किटली लावून दूध कोमट करणाऱ्या सुनेच्या मनावर दडपण येतेच. बोलत कोणीच नाही, आणि सहलीचे पहिले तीन दिवस त्या अबोल्यात जातात. बाळाला केव्हा काय द्यायचे, आजींनी वेगळी खोली घ्यायची का, हे घरीच, गरज वाटल्यास गुरुमहाराजांना विचारून, स्पष्ट ठरलेले बरे.

लेस्टरचे जैन केंद्र पाहण्याची ओढ स्वाभाविक आहे. १९८८ साली खुल्या झालेल्या या वास्तूत श्वेतांबर व दिगंबर परंपरा एका छताखाली नांदतात. पण त्यासाठी मे-जून गाठावा. तेव्हा तेथे सूर्य रात्री नऊच्या आसपास मावळतो आणि इकडे खरीप धानाचीही धावपळ नसते. जपानमधील कोबेच्या जिनालयाचेही तसेच. डिसेंबरात तेथे पाचच्या आत सूर्यास्त होतो, म्हणजे बाळाच्या पोटाच्या घड्याळात दुपारचा दीडही वाजलेला नसतो. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे वर्षभर सूर्योदय-सूर्यास्त सातच्या सुमारास होतात, मात्र डिसेंबर हा तेथला पावसाचा महिना. लहान मूल आणि चौविहारी आजी दोघेही सोबत असतील, तर दुबई-शारजा हाच बेत सर्वांत सुखाचा. वेळेचा फरक दीड तासाचा, सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास, थंडी सावलीइतकीच सौम्य. बर दुबईत शाकाहारी भोजनालयेही पुष्कळ.

विमानातील जेवणाबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. 'हिंदू मील' या नावाचे जेवण बहुधा शाकाहारी नसते. 'एशियन व्हेजिटेरियन' निवडल्यास कांदा-बटाटा येऊ शकतो. 'जैन मील' असाच स्वतंत्र पर्याय आहे, आणि तो निदान एक दिवस आधी नोंदवावा लागतो. बाळाच्या कौतुकापोटी 'चाइल्ड मील' नोंदवले जाते, त्यात मांस किंवा अंडे असू शकते. मुलासाठीही जैन मीलच मागावे. शिवाय घरची भाजलेल्या तांदूळ-मुगाची भरड जवळ असलेली बरी, ती गरम पाण्यात लगेच शिजते. युरोपात मात्र दूध, तूप, पेढे नेता येत नाहीत. बाळाच्या दुधाच्या पावडरीला ठराविक मर्यादेत सवलत आहे, तीही डबा सीलबंद असेल तर.

दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसून अल्प भाड्यात जाते. प्रवासादरम्यान दुसरा वाढदिवस आला, तर परतीसाठी त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते. टूर पॅकेजवर वसूल होणारा टीसीएस हा खर्च नव्हे, तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. म्हणून नोंदणी विवरणपत्र भरणाऱ्या व्यक्तीच्या पॅनवर व्हावी.

खरा खोळंबा होतो तो आडनावापाशी. एकाच घरात आजोबांच्या कागदावर गोत्राचे आडनाव, वडिलांच्या पासपोर्टवर 'जैन', आणि बाळाच्या जन्मदाखल्यावर तिसरेच काही, असा प्रकार आपल्याकडे दुर्मीळ नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो, त्यामुळे दुरुस्ती तेथूनच सुरू करावी लागते. बाळाच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांची, आणि प्रवासाच्या वेळी त्यातले सहा महिने शिल्लक असावेत अशी अनेक देशांची अट असते. हे सारे दिवाळीपूर्वी, धान बाजारात येण्याआधी उरकावे. एकदा काटे सुरू झाले की दाखल्यासाठी नगरपंचायतीत खेटे घालायला घरातले कोणीही मोकळे नसते.