ग्रीक बेटांची जहाजसफर : तिकिटाआधीचा हिशेब

ग्रीक बेटांच्या सफरीत बेटे किती, यापेक्षा किनाऱ्यावर तास किती, हे आम्ही आधी पाहतो. सांतोरिनीला मोठे जहाज समुद्रातच नांगरते. छोट्या नावेने उतरून फिरा गावात जायला रोपवेची रांग लावावी लागते. थांब्याचा बराच वेळ तिथेच जातो.

जहाज मध्ये तुर्कस्तानच्या कुशादासीला जाऊन ग्रीसला परतणार असेल, तर भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. २०२५ पासून सांतोरिनी व मिकोनोसला जून ते सप्टेंबर माणशी २० युरो कर आहे. तो तिकिटात धरला का, विचारून घ्यावे.

परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाची. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्र फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते.