खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर कसं बघायचं? सुरुवात पायातल्या हत्तींपासून

खिद्रापूर (ता. शिरोळ) : कृष्णाकाठचं कोपेश्वर मंदिर बघायला येणारे बहुतेक लोक थेट स्वर्गमंडपात जातात, वर उघडं आभाळ दिसतं तिथं फोटो काढतात आणि अर्ध्या तासात परत फिरतात. मंदिराची बाहेरची भिंत बघायची राहूनच जाते. खरं तर कारागिरांनी सगळी गोष्ट तिथंच खालून वर अशी मांडलेली आहे.

मंदिर कुणाच्या काळातलं?

मंदिर साधारण बाराव्या शतकातलं, कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या काळातलं मानलं जातं. १२१२ च्या सुमारास देवगिरीच्या यादव राजा सिंघणानं शिलाहार दुसऱ्या भोजाचा पराभव केला आणि हा मुलूख यादवांकडे गेला. सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख मंदिराच्या दक्षिण दाराजवळ आहे. देवाच्या पूजेसाठी मिरज प्रांतातलं एक गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. राज्य बदललं, पण देवाची पूजा बंद पडू दिली नाही, एवढं त्यावरून कळतं.

खालून वर बघा

मंदिराला बाहेरून एक फेरी मारा. मागच्या भागाची भिंत सरळ नाही. ती ठिकठिकाणी कोन काढून आत-बाहेर वळवलेली आहे, वरून पाहिलं तर चांदणीसारखा आकार दिसतो. अशा वळणांमुळं दिवसभर कुठं ऊन, कुठं सावली पडते आणि मूर्ती उठून दिसतात. सकाळी दिसलेली मूर्ती संध्याकाळी वेगळीच वाटते.

भिंतीच्या पायाशी हत्तींची रांग आहे. तिला गजथर म्हणतात. नव्वदहून जास्त हत्ती आहेत आणि सगळं मंदिर त्यांच्याच पाठीवर उभं आहे असं वाटावं, अशी ही मांडणी. हत्तींच्या पाठीवर देवदेवता बसवलेल्या आहेत. त्याच्या वरच्या भिंतीत देव, सुरसुंदरी, लढवय्ये अशा मूर्ती येतात. खाली भार वाहणारे प्राणी, वर माणसं आणि देव, असा हा चढता क्रम आहे.

स्वर्गमंडपात काय बघायचं?

पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा आहे. मधोमध १२ खांबांचं गोल कडं आणि त्याच्या वर सुमारे १३ फूट व्यासाचं उघडं वर्तुळ. त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा बसवलेली आहे. खांब लेथवर फिरवल्यासारखे गोल आणि गुळगुळीत आहेत. वर्तुळाच्या कडेला मान वर करून बघा. इंद्र हत्तीवर, अग्नी मेंढ्यावर, यम रेड्यावर असे आठ दिशांचे राखणदार आपापल्या वाहनांवर बसलेले दिसतील.

होमाचा धूर बाहेर जावा म्हणून छत उघडं ठेवलं, असं गावात सांगतात. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र या वर्तुळावर येतो, तो बघायला गर्दी होते. त्यामागचं कारण साधं आहे. पुनवेला चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. थंडीत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, म्हणून पुनवेचा चंद्र उंच, जवळजवळ डोक्यावर येतो.

नंदी का नाही?

गाभाऱ्यासमोर नंदी नाही, हे पाहून पुष्कळ जण चक्रावतात. दक्षाच्या यज्ञात सतीनं देह टाकला, शंकर कोपले, म्हणून हा कोपेश्वर. त्यांना शांत करणारे विष्णू धोपेश्वर या नावानं शेजारी लिंगरूपात आहेत. नंदी सतीसोबत गेला होता, तो कर्नाटकातल्या यडूरला राहिला, अशी आख्यायिका आहे.

धोका कुठं आहे?

सगळ्यात जास्त मार गजथरालाच बसलाय. कित्येक हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत. हात पोचेल एवढ्याच उंचीवर ते आहेत, म्हणून पोरं त्यांच्यावर चढतात, मोठी माणसं टेकून फोटो काढतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हा सगळा भाग झोडपला. पुरानंतर गाळ नक्षीच्या खाचांत बसतो. तो वाळल्यावर लोखंडी वस्तूनं खरवडला तर गाळासोबत नक्षीही जाते. मूर्तीला तेल-शेंदूर लावला की त्यावर धूळ चिकटते, थर साचतो आणि नाक-डोळे दिसेनासे होतात.

अशा मंदिरात एकेक दगड दुसऱ्याच्या वजनावर बसलेला असतो. खालचा दगड झिजला, हलला तर त्याचा परिणाम वर जातो.

गावकऱ्यांनी हे माहीत असू द्या

मंदिर केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. त्याची नासधूस केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. त्याच्या पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच करावं लागतं. १०० मीटरच्या आतल्या जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यामुळं मिस्त्रीला बोलावण्याआधी कागद करून घेतलेला बरा, नाहीतर केलेला खर्च वाया जायचा.

मंदिरात जाताना पोराबाळांना हत्ती जरूर दाखवा. मोजायला लावा, कोणत्या हत्तीवर कोण बसलंय ते ओळखायला सांगा. फक्त त्यांच्यावर बसवू नका.