थकलेल्या जिवाला आधी भाकर, मग बोध

अंथरुणाला खिळलेल्या आप्ताची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्याला, अथवा उतारवयात स्वतःच परावलंबी झालेल्याला, एक निराळाच थकवा येतो. रात्रभर पडून राहिले तरी तो उतरत नाही. प्रार्थनेला बसावे तर शब्द सुचत नाहीत. पवित्र शास्त्र उघडावे तर ओळी डोळ्यांपुढून नुसत्या सरकतात. त्यातच श्रद्धावंताच्या मनाला आणखी एक बोचणी लागते, की माझा विश्वासच उणा पडला असावा.

वाचकहो, आपणांस ही बोचणी लागली असेल, तर बायबलच्या जुन्या करारातील ‘१ राजे’ या पुस्तकाचा १९वा अध्याय सावकाश वाचावा. त्यात एलीया संदेष्ट्याची कथा आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवणारा हा धैर्यवान पुरुष ईजबेल राणीची धमकी ऐकताच जीव घेऊन पळाला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या सेवकाला मागे ठेवले, एकटाच रानात दिवसभर चालला आणि एका झुडपाखाली बसून त्याने देवाजवळ मरण मागितले.

देवाने त्याला उपदेश केला नाही, दोषही दिला नाही. एलीया झोपी गेला. देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला, पाणी प्याला आणि पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले, कारण पुढची वाट लांबची होती.

देहाची काळजी हीही भक्तीच

आत्म्याचे नवीकरण येथे निद्रा, अन्न आणि पाणी यांपासून सुरू होते. शिष्यांना जेवायलाही सवड उरली नाही, तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकान्त स्थळी विसावा घेण्यास सांगितले, हे मार्काच्या शुभवर्तमानात (अध्याय ६) आपण वाचतो. म्हणून सेवा करणाऱ्याने दुपारी तासभर आडवे होणे हा स्वार्थ नव्हे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. तेव्हा तहान लागण्याची वाट न पाहता ज्येष्ठांना ठरावीक वेळी पाणी द्यावे. मात्र हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिले असल्यास तेच पाळावे. उपवासासाठी औषधाची वेळ परस्पर चुकवू नये.

गाऱ्हाणे सांगण्याची मुभा

पुढे होरेब डोंगरावरील गुहेत देवाने एलीयाला एकच प्रश्न दोनदा विचारला आणि एलीयानेही दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणे सांगितले. देवाने ते दोन्ही वेळा ऐकून घेतले. घरातील वृद्ध तेच दुःख पुन्हा सांगू लागले, की हा प्रसंग आठवावा. ते उत्तरासाठी बोलत असतीलच असे नाही; कोणी ऐकावे, एवढेच पुष्कळदा हवे असते.

स्वतःच्या दुःखाला शब्द सापडत नसतील, तर स्तोत्रसंहितेचा आधार घ्यावा. तिच्यातील १५० स्तोत्रांत स्तुतीइतकाच विलापही आहे. ७१वे स्तोत्र म्हातारपणी टाकून न देण्याची विनवणी करते. ८८वे तर अंधारातच संपते. अशी प्रार्थना शास्त्रात स्थान मिळवते, याचाच अर्थ देवापुढे उसने हसू आणण्याची गरज नाही.

शांतता, काम आणि सोबत

त्या डोंगरावर प्रचंड वारा सुटला, भूमिकंप झाला, अग्नी पेटला. परंतु देव त्यांत नव्हता. त्यानंतर आली ती मंद, शांत वाणी. दिवसातून दहा मिनिटे दूरदर्शन आणि मोबाइल बंद ठेवून एकच लहान स्तोत्र मोठ्याने वाचावे. दृष्टी अधू असल्यास मोठ्या टाइपाची प्रत घ्यावी किंवा ध्वनिमुद्रण ऐकवावे. स्मृतिभ्रंश झालेल्यांनाही बालपणी पाठ केलेली प्रभूची प्रार्थना वा गीत पुष्कळदा आठवते. तेव्हा चुका न सुधारता त्यांच्यासोबत म्हणावे.

शेवटी देवाने एलीयाला काम दिले आणि अलीशासारखा सोबती दिला. आपण एकटेच उरलो, असे म्हणणाऱ्याला देवाशी एकनिष्ठ असे ७,००० जण अजून आहेत, हे कळले. आपल्या महाराष्ट्रातही याची साक्ष आहे. १९१९ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे पूर्णत्वास नेले. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गमावल्यावरही पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. दुःख मिटले म्हणून ही कामे झाली नाहीत; दुःख सोबत घेऊनच ती झाली.

आपल्या वाट्याचे काम इतके मोठे नसेल. नातवंडाला एक गोष्ट सांगणे, आजारी शेजाऱ्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करणे, एवढेही पुरे. शुश्रूषा करणाऱ्यांनी मंडळीच्या पाळकांना वा भगिनी मंडळाला आपली अडचण स्पष्ट सांगावी आणि आठवड्यातून दोन तासांची मदत मागावी. बैर-शेबाला सोडून आलेला सेवक परत बोलावण्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानी असू द्यावी. झोप, भूक आणि रस दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपला असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोणी मरणाची इच्छा बोलून दाखवली, तर त्यांना एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी. उपचार घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. झुडपाखाली ठेवलेली भाकर ज्याच्याकडून आली, त्याच्याच हातून औषधही येते, असे मानून ते घ्यावे. आज रात्री प्रार्थना दोनच शब्दांची झाली, तरी ती पुरेशी समजून निश्चिंत निजावे.